ओरखडा न उमटवता

बोल्टाच्या डोक्यावर रिंग पाना चढवून मिस्त्रींनी तो सावकाश ओढला. बोल्ट वीसेक अंश फिरला. "सुटला!" मी म्हणालो. मिस्त्रींनी काही न बोलता पान्यावरचा हात सैल केला, तसा पाना आपोआप मागे आला आणि पहिल्या जागी थांबला. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. पाना पुन्हा मागे आला.

"सुटला न्हाई साहेब. रबर पिळतंय नुसतं. बोल्ट आन् आतली नळी एक झाल्यात."

पुढच्या दोन दिवसांत जे काम मी पाहिलं, त्याची सगळी किल्ली या एका हालचालीत होती. ज्याला घाई आहे त्याने तो फिरणारा बोल्ट पाहून आणखी जोर लावला असता. पान्याला पाइप जोडून हाताला बळ दिलं असतं आणि आतलं रबर फाडून ठेवलं असतं. मिस्त्रींनी जोर काढून घेतला आणि लोखंड काय उत्तर देतं ते पाहिलं. कवितेचं रसग्रहण करताना आपण एखाद्या शब्दाजवळ थांबतो, तो का आला, दुसरा का नाही, असं विचारतो. हाताने केलेल्या कामालाही तसं विचारता येतं. विशेषतः जे काम संपल्यावर त्याची खूणसुद्धा दिसत नाही, त्याला तर विचारायलाच हवं.

गाडी माझ्या मामांची, १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. रत्नागिरीत खाडीपासून हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या शेडखाली तिचं आयुष्य गेलं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि बारमाही खारा वारा. मामांनंतर ती माझ्याकडे आली आणि आंबा घाटाने मी ती कोल्हापुरात आणली. घाटातच लक्षात आलं की गाडी मागून भरकटते. ॲक्सिलरेटर दाबला की मागचा भाग एका अंगाला जातो, सोडला की दुसऱ्या. गतिरोधकावर मागून 'धाड' असा आवाज येई, तोही फक्त उजव्या बाजूने.

पद्मिनीचं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. मागचा ॲक्सल दोन बाजूंच्या दोन पाट्यांवर बांधलेला असतो. हे पाटे गाडीचं वजन तर पेलतातच, शिवाय ॲक्सल जागेवर धरून ठेवण्याचं कामही त्यांच्याकडेच असतं. चाकं रस्त्याला मागे रेटतात तेव्हा गाडीला पुढे ढकलणारा सगळा रेटा पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागातून जातो आणि त्याच्या टोकाशी बॉडीला पोचतो. मुख्य पाट्याचं हे टोक गोल वळवून त्याचं वेटोळं केलेलं असतं आणि वेटोळ्यात बुश बसवलेला असतो. एवढ्याशा वस्तूतून सगळी गाडी ढकलली जाते आणि ब्रेक लावला की तिथूनच मागे खेचली जाते.

हा बुश म्हणजे गॅरेजच्या भाषेतला सायलेंट ब्लॉक. बाहेर पोलादी कवच, आत पोलादी नळी, मध्ये दाबून भरलेलं रबर. कवच वेटोळ्यात घट्ट, नळी बोल्टाने ब्रॅकेटमध्ये घट्ट. दोन्हीपैकी काहीच घसरत नाही आणि घसरायचंही नसतं. पाटा वरखाली होतो तेव्हा रबर आतल्या आत पिळलं जातं आणि परत येतं. धातूवर धातू घासत नाही, म्हणून ग्रीस लागत नाही आणि आवाजही होत नाही. मला ही रचना फार देखणी वाटते. सांधा आहे, पण त्यात फट नाही. हालचाल आहे, पण घर्षण नाही. असा बुश तीस वर्षं खाऱ्या हवेत राहिला की त्याचं रबर थकतं आणि पोलाद मात्र जागेवर रुजतं.

गंज म्हणजे नुसता मळ नव्हे. लोखंड गंजतं तेव्हा तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. उघड्यावर तो पापुद्रे होऊन गळून पडतो. कवच आणि वेटोळं यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत मात्र त्याला पसरायला वाव नसतो, मग तो दोन्हीकडे रेटत राहतो. बुश मुळातच प्रेसने दाबून बसवलेला, त्यात दर पावसाळा ही पाचर आणखी आत ठोकणार. आमच्या गाडीत ती दोन ठिकाणी बसली होती: बोल्ट नळीत जाम, कवच वेटोळ्यात जाम.

सरळ मार्ग म्हणजे पाटाच बदलून टाकायचा. पण ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर यायची थांबली त्याला दोन दशकांवर वर्षं झाली. १९६४ साली फियाट अकराशे डिलाइट म्हणून आलेली, १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिरवणारी ही गाडी मुंबईच्या टॅक्सींच्या रांगेतून शेवटची निघाली ती ३० ऑक्टोबर २०२३ ला. बुश अजून मिळतो; कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चिकाटीने विचारत फिरलं की एखाद्या दुकानाच्या माळ्यावरून निघतो. चांगल्या ताणाचा, दुसऱ्या बाजूच्या पाट्याशी उंचीत जुळणारा मुख्य पाटा मिळणं अवघड. तेव्हा अट साधी होती. बुशाचे तुकडे झाले तरी चालतील, पण वेटोळ्याला ओरखडा पडता कामा नये.

पहिला दिवस काहीच न करण्यात गेला, असं कुणालाही वाटलं असतं. गाडी उचलून बॉडीखाली स्टँड लावले, ॲक्सलखाली वेगळा जॅक दिला, चाक काढलं आणि वेटोळ्यावर तारेचा ब्रश फिरवला. ते साफ झाल्यावर मिस्त्रींनी त्याची फट मला दाखवली. वेटोळं म्हणजे पट्टी गोल वळवून केलेलं असतं, अखंड कडं नसतं. पट्टीचं टोक जिथे परत पाट्याला टेकतं तिथे बारीक फट राहते. खारं पाणी आत शिरलं ते याच वाटेने. आता तेलही तिथूनच जाणार होतं. त्यांनी डिझेलमध्ये थोडं पातळ तेल मिसळून ते फटीत थेंब थेंब सोडलं आणि लहान हातोडीने वेटोळ्याच्या पाठीवर हलके टिचक्यांसारखे ठोके दिले. पुन्हा तेल, पुन्हा ठोके. गंजाच्या थरात बारीक भेगा असतात, त्यांतून तेल आपोआप ओढलं जातं. ठोक्यांनी त्या भेगा थोड्या मोकळ्या होतात. संध्याकाळपर्यंत हे चार वेळा झालं. हाताखालचा पोरगा अस्वस्थ झाला होता.

"घण आणू का?"

"आरं थांब की. भिजू दे अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराने गॅसची नळी जोडायला घेतली. जाम बुश म्हटलं की बहुतेक गॅरेजांत हात आधी गॅसकडे जातो. त्यामागचा हिशोबही चुकीचा नाही. चाळीस मिलिमीटर व्यासाचं पोलादी कडं दीडशे अंशांनी तापवलं तर त्याचा व्यास सुमारे सात शतांश मिलिमीटरने वाढतो. दाबून बसवलेली वस्तू सैल व्हायला एवढा फरक पुष्कळदा पुरतो, आतल्या कवचाला तापायला वेळ मिळाला नाही तर. साध्या ओतीव किंवा घडीव सस्पेन्शन आर्मवर हा उपाय चांगलाच चालतो.

पण हा पाटा आहे. पाट्याचं पोलाद तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक उष्णतेपर्यंत नेऊन त्याला पाणी दिलेलं असतं. त्याचा लवचीक कणखरपणा त्या पाण्यातून येतो. गॅसच्या ज्योतीखाली वेटोळं लाल झालं, म्हणजे सातशे अंशांच्या आसपास गेलं, की ते पाणी उतरलं. दिसायला पाटा तसाच दिसतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जुन्या गाडीचा बुश एका गॅरेजात असाच काढला होता. दहा मिनिटांत काम झालं आणि मला त्या वेगाचं कौतुकही वाटलं. वर्षभरात ते वेटोळं उघडत गेलं आणि एका रात्री कराडच्या अलीकडे ॲक्सल एका बाजूने मागे सरकला. गाडीत माणसं होती. कुणाला काही झालं नाही, पण त्या रात्रीपासून गॅसच्या झटपट कामाकडे मी कौतुकाने पाहू शकत नाही.

मिस्त्रींनी पोराला नळी काढायला लावली. कारण सांगितलं नाही. फक्त पाट्याच्या वळणावरून, जिथे सपाट पट्टी वेटोळ्यात शिरते तिथून, अंगठा फिरवला. तो अंगठा मला नीट कळला. सगळा रेटा तिथून जातो, म्हणून तिथे काहीही होऊ द्यायचं नाही. त्यानंतरची प्रत्येक कृती या जागेपासून लांब राहून केलेली होती.

आधी बोल्ट. आतली नळी बाहेरच्या कवचापेक्षा दोन्ही टोकांना थोडी लांब असते, म्हणून ब्रॅकेट आणि वेटोळं यांच्यामध्ये जरा जागा उरते. मिस्त्रींनी हॅकसॉचं नुसतं ब्लेड घेतलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि त्या जागेतून नळी आणि बोल्ट एकदमच कापायला घेतले. एका बाजूला पाऊण तास, दुसऱ्या बाजूला त्याहून जास्त. यात पाहण्यासारखं काही नव्हतं, ब्लेडं मोडली आणि बदलली एवढंच. पाटा खाली उतरला आणि वाईसमध्ये बसला.

मग रबर. ते जाळून टाकणं सोपं असतं, पण जाळायचं म्हणजे पुन्हा उष्णता, शिवाय घशाला लागणारा काळा धूर. त्यांनी बारीक ड्रिलने नळीभोवती रबरात गोलाकार भोकं पाडली. रबर ड्रिलला धरून ठेवतं, म्हणून साबणाचं पाणी सोडत गेले. पंधरा-सोळा भोकांनंतर नळी आतल्या बोल्टाच्या तुकड्यासकट एका ठोक्यात निघाली. उरलेलं रबर चाकूने खरवडलं. वेटोळ्यात आता फक्त कवच राहिलं, दीड-दोन मिलिमीटर जाडीचं, गंजाने वेटोळ्याला चिकटलेलं.

या कामाचा गाभा इथे आहे. बोट सुजून अंगठी रुतली की सोनार ती बारीक करवतीने कापतो. सोनं कापायचं आणि कातडीला लागू द्यायचं नाही, इतकीच त्याची अट. मिस्त्रींची अटही तीच, पण सोनाराला कातडी दिसते आणि माणूस वेळेवर 'आई गं' म्हणतो. इथे पोलादाला पोलाद चिकटलेलं, दोघांचा रंग एक आणि ओरडणारं कुणी नाही.

हॅकसॉचं ब्लेड काढून त्यांनी ते वेटोळ्यातून ओवलं आणि मग चौकट पुन्हा जोडली. कापायची जागा निवडायला पाच मिनिटं घेतली. वळणाची जागा नको, वेटोळ्याचा माथाही नको. पट्टीच्या मोकळ्या टोकाजवळ, जिथे ताण सगळ्यात कमी असतो, तिथे खडूने खूण केली. चुकून दात लागलाच तर तो जिथे कमीत कमी नुकसान करेल अशी जागा त्यांनी आधीच शोधून ठेवली होती. स्वतःच्या हातावर एवढा भरवसा असलेला माणूस चुकीची जागाही आधी आखून ठेवतो, हे मला त्या कौशल्याइतकंच मोठं वाटलं.

मग करवत. लांब ओढ, हलकी. ब्लेड वेटोळ्याच्या लांबीत आडवं चालत होतं, त्यामुळे ते कलंडलं तर एका टोकाला खोल जाणार आणि दुसऱ्या टोकाला वर राहणार. दर दहा-बारा ओढींनी मिस्त्री थांबत, वाकून दोन्ही टोकं पाहत, चौकटीचा कल केसभर बदलत. खाली वर्तमानपत्राचा कागद पसरला होता. त्यावर करवतीचा चुरा पडत होता, चकचकीत आणि करडा. मी करवतीकडे पाहत होतो. मिस्त्री कागदाकडे पाहत होते, हे मला जरा उशिरा लक्षात आलं.

आणि मग करड्या चुऱ्यात विटकरी रंगाची एक बारीक रेघ आली. मिस्त्री त्याच ओढीच्या मध्यावर थांबले.

विटकरी भुकटी म्हणजे गंज. गंज म्हणजे कवच संपलं आणि कवच आणि वेटोळं यांच्यामधला तो थर लागला. बुश जाम करणारा गंजच आता सीमारेषा दाखवत होता. त्याच्यापलीकडची पहिली चकचकीत चिमूट वेटोळ्याची असती. ज्याने काम अवघड केलं त्याचाच असा उपयोग करून घेणं, आणि तेही डोळ्यांनी, कुठलंही यंत्र न लावता! दोन दिवसांतला हा क्षण मी कितीही वेळा आठवू शकतो.

चीर सगळीकडे पोचली नव्हती. मधे दोन बोटांएवढ्या लांबीत थोडी जाडी राहिली होती. ती करवतीने कापायचा मोह मिस्त्रींनी टाळला. जुन्या कानशीचं टोक घासून केलेली एक चपटी छन्नी त्यांच्याकडे होती. ती चिरेला तिरपी लावून त्यांनी कवचाची एक कड आतल्या बाजूला वळवायला सुरुवात केली. छन्नीची धार सतत पोकळीकडे, वेटोळ्याकडे कधीच नाही. इथे आणखी एक वाट उघडी होती. वेटोळ्याच्या त्या फटीत छन्नी मारून वेटोळंच थोडं उघडायचं, म्हणजे कवच सैल पडतं. तसं करणारे पुष्कळ आहेत. पण उघडलेलं वेटोळं पूर्वीसारखं मिटत नाही आणि नवा बुश त्यात कधीच घट्ट बसत नाही.

ठोके पडत होते आणि त्यांचा आवाज 'टण टण' असा सगळ्या पाट्यातून घुमत होता. कवच आणि पाटा अजून एक होते. कड अर्धी आत वळली आणि पुढच्या ठोक्याला आवाज एकदम बसका झाला. 'थप्'. पोरानेही मान वर केली. कवचाची पकड सुटली होती, ठोका आता पाट्यापर्यंत पोचत नव्हता. मिस्त्रींनी छन्नी खाली ठेवली, मागून एक पाइपचा तुकडा लावला आणि चार ठोक्यांत कवच बाहेर आलं.

त्यांनी आत बोट घातलं. मग मलाही घालायला सांगितलं. गंजाची खरखर होती, एमरी पेपरने ती गेली. चिरेच्या जागी नख फिरवून पाहिलं. नख कुठेही अडकलं नाही.

नवा बुश बसवण्याचं काम तुलनेने सरळ, तरी त्यातल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बुश रात्रभर घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला होता. त्याने तो फार तर दोन शतांश मिलिमीटरने आकसतो, पण सुरुवातीला सरळ शिरायला तेवढं पुरतं. आणि तो वाईसमध्ये दाबताना दाब फक्त बाहेरच्या कवचावर यायला हवा. आतल्या नळीवर आला तर नवं रबर बसवतानाच फाटतं. त्यासाठी बरोबर मापाचं कडं लागतं. मिस्त्रींनी नुकतंच काढलेलं जुनं कवच उचललं, कड सरळ केली, चिरेमुळे ते थोडं मिटवलं आणि तेच नव्या बुशामागे ठेवून वाईस आवळला. मापाचं त्याहून अचूक कडं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवरही मिळालं नसतं. नव्या बोल्टाच्या मधल्या अंगाला त्यांनी ग्रीसचा पातळ हात दिला. "म्होरल्या येळंला ज्यो कोन खोलंल त्याला," एवढंच म्हणाले.

मी पॉलियुरेथेनच्या बुशांबद्दल विचारलं होतं. ते रबरापेक्षा कडक असतात, जास्त टिकतात, गाडी वळणावर घट्ट राहते. पण ते रबरासारखे पिळले जात नाहीत. घसरतात, ग्रीस मागतात, करकरतात. ज्या गाडीची सगळी चाल मऊ आहे तिच्या एका कोपऱ्यात कडक सांधा घालणं मलाही पटलं नाही. रबरच घातलं.

शेवट माझ्या दृष्टीने सगळ्यात सुंदर. बोल्ट ब्रॅकेटमध्ये घातला, नट हाताने फिरवला आणि तसाच सैल ठेवला. चाक लावलं, गाडी खाली उतरवली, पिटवर उभी केली. मागचा बंपर चार वेळा दाबून सोडला. मला आणि पोराला मागच्या सीटवर बसवलं. पाटा रोजच्या वजनाखाली जसा बसतो तसा बसला, तेव्हा मिस्त्री पिटमध्ये उतरले. गाडी हवेत असताना हाच नट आवळला असता तर आतली नळी त्या स्थितीत जखडली असती. गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहिलं असतं आणि दोन-तीन वर्षांत फाटलं असतं. आवळायचं तर गाडी आपल्या पायांवर उभी असताना. ज्या पिळाने पहिल्या दिवशी पाना मागे आणला होता, त्याला आता त्याची खरी शून्याची जागा मिळाली. मी सीटवर बसून खालून येणारा पान्याचा आवाज ऐकत होतो: तीन लांब ओढी, मग एक आखूड, मग काही नाही.

वर येण्याआधी त्यांनी नट आणि बोल्टाच्या टोकावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट सैल पडला तर रेघ तुटलेली दिसते. पाचशे किलोमीटरनंतर यायला सांगितलं. मी रत्नागिरीला दोनदा जाऊन आलो, आंबा घाट चार वेळा झाला आणि मग गाडी पुन्हा त्यांच्या पिटवर घेतली. बॅटरीच्या उजेडात आम्ही दोघांनी पाहिलं. रेघ अखंड होती.